रोज एक वाटी

"मुळीकबाई, खरं सांगा. गोळी घेता की तुळशीत टाकता?"

डॉक्टर तांबोळींनी रिपोर्टचा कागद माझ्याकडे सरकवला आणि चष्मा कपाळावर चढवला. त्यांनी चष्मा वर चढवला की समोरच्यानं थापा मारायच्या नाहीत, हे मिरजेतल्या त्यांच्या सगळ्या पेशंटना ठाऊक होतं.

"घेते की," मी म्हटलं. "रोज रात्री आठला. बातम्या लागल्या की लगेच."

"एकही चुकली नाही?"

"कॅलेंडरवर खडूनं फुली मारते. कॅलेंडर आणून दाखवू?"

"नको. मग हा आकडा असा का?"

आकडा होता एक पॉइंट चार. चार महिन्यांपूर्वी माझ्या हृदयातली एक झडप काढून तिथं धातूची बसवली होती. झडप चांगली ठणठणीत होती, माझ्यापेक्षा जास्त टिकेल असं डॉक्टरच म्हणायचे. पण धातूवर रक्ताची गुठळी धरायची भीती असते, आणि तिथून सुटलेली गुठळी मेंदूत गेली की माणूस आडवा. म्हणून ती गोळी, जन्मभर. गोळीचं काम बरोबर चाललंय की नाही हे बघायला दर थोड्या दिवसांनी रक्त तपासायचं. आकडा दोनच्या खाली गेला तर गुठळीचं भय, तीनच्या बराच वर गेला तर रक्त थांबायचं नाही याचं भय. मी दोन आणि तीनच्या मध्ये राहायचं, असं ठरलं होतं. आणि मी काही केल्या तिथं राहत नव्हते.

शेजारच्या खुर्चीत माझी लेक स्नेहल डायरी उघडून बसली होती. पुण्यात बँकेत आहे ती. डॉक्टर खोकले तरी लिहून घ्यायची.

"डॉक्टर, मागच्या वेळीही खालीच होता," ती म्हणाली. "गावात तिच्याकडे लक्ष द्यायला कोण आहे? मी तिला पुण्याला नेते कायमची."

पुण्याचं नाव निघालं आणि माझी झडप टकटक करायला लागली. धातूची झडप वाजते. आजूबाजूला शांत असेल तर दुसऱ्यालाही ऐकू येते. स्नेहलचा फ्लॅट सातव्या मजल्यावर. तिथून ना कृष्णा दिसते ना बुधवारचा बाजार. आणि माझा शिवणक्लास? आठ मशिनी, चौदा पोरी, वीस वर्षांचा संसार होता तो माझा. नवरा गेल्यावर त्या मशिनींनीच आम्हा मायलेकींना उभं केलं होतं. त्या सोडून मी सातव्या मजल्यावर बसून करणार काय, कबुतरं मोजणार?

डॉक्टरांनी टकटक ऐकली असावी. ते म्हणाले, "मार्चअखेरपर्यंत बघू. आकडा बसला तर बाई गावात राहतील. नाही बसला तर मुलीचं ऐकायचं. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"खाण्यापिण्यात काही बदल? पालेभाज्या फार होतायत का? मेथी, शेपू, चाकवत?"

मी लेकीकडे बघितलं. लेकीचं पेन तयार होतं.

"मी पालेभाजी विकतच आणत नाही," मी म्हणाले.

डॉक्टरांनी गोळी तीनवरून चार मिलिग्रॅमची केली.

यात खोटं एका टाक्याचंही नव्हतं. विकत मी आणतच नव्हते. ती माझ्या उंबऱ्यावर येत होती.

केरबा माळी म्हणजे मळीतला माणूस. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीला आमच्याकडे मळी म्हणतात, तिथं त्याचे पालेभाजीचे वाफे. बायको, कांता, जाऊन चार वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दिवाळीनंतर एक दिवस तो आपला टेम्पो घेऊन क्लासच्या दारात उभा राहिला. मागं कापडात गुंडाळलेली शिलाई मशीन.

"बाई, कांताची हाय. नुसती बसून गंज चढाय लागलाय हिला. पोरींस्नी शिकवायला ठिवा."

मी ठेवली. तेल घातलं, पट्टा बदलला, चालायला लागली. पुढच्या बुधवारी बाजार उरकून तो विचारायला आला, "चालतीया न्हवं?" आणि जाताना ओसरीवर जुड्या ठेवून गेला. मेथी, चाकवत, राजगिरा, करडईसुद्धा.

"हे काय, तात्या?"

"उरल्यात. बैलास्नी घालायच्या, त्यापरीस तुमी खावा."

दर बुधवारी उरायला लागल्या. मी चहा टाकायची, तो ओसरीवरच्या खुर्चीवर टेकून प्यायचा. दार सताड उघडं आणि आत चौदा पोरी. तो आला की आठही मशिनी एका दमात थांबायच्या. मी आत डोकावून डोळे वटारले की एकदम सुरू व्हायच्या, आणि त्या खडखडाटात पोरींची खुसखुस काही लपायची नाही.

बरं, घेतलेली भाजी मी टाकून देते म्हटलं तर तीही सोय नव्हती. पुढच्या बुधवारी तोंडी परीक्षा असायची.

"चाकवत कसा लागला?"

"चांगला होता."

"ताकातला केलासा का डाळीतला?"

"ताकातला."

"आन करडई? कडू न्हवती न्हवं? कवळी खुडली हुती."

आता अशा माणसाला काय सांगणार? मी सगळं खात होते. सकाळी भाजी, रात्री भाजी, मधे मेथीचे पराठे. हे लेकीसमोर डॉक्टरांना कसं सांगायचं? एक विधुर गृहस्थ मला आठवड्याला नऊ जुड्या पाला आणून देतात, म्हणून? स्नेहलनं तेही डायरीत लिहून घेतलं असतं. आणि त्यात सांगण्यासारखं काही नाहीच, अशी मी स्वतःची समजूतही घातली होती. एक्कावन्न वर्षांच्या बाईला एवढी समजूत सहज घालता येते.

पुढच्या तपासणीला आकडा एक पॉइंट सात. गोळी पाचची झाली. फेब्रुवारी लागता लागता दोन पॉइंट एक. डॉक्टर खूष, मी त्याहून खूष. पुणं टळलं म्हणून त्या बुधवारी केरबाला चहाबरोबर शंकरपाळी दिली.

आणि त्याच्या पुढच्या बुधवारी तो आला नाही.

म्हटलं, असेल काही काम. त्याच्या पुढच्याही बुधवारी नाही. चहाचं आधण ठेवलेलं मी गुपचूप खाली उतरवलं. तिसऱ्या बुधवारी मी ओसरीवर धुणं वाळत घालायला म्हणून गेले, धुणं सकाळीच वाळत घातलं होतं ती गोष्ट वेगळी, तर त्याचा टेम्पो आमच्या गल्लीत न वळता वरच्या रस्त्यानं निघून गेला. आत आठही मशिनी चालू होत्या. पण एकही पोरगी हसत नव्हती.

मला असा राग आला म्हणता! लोक काही बोलले असतील, घाबरला असेल. गेला उडत. बाजारात जाऊन दुसऱ्या कुणाची मेथी घ्यायची? माझी बला घेते. मी पिठलं केलं, आमटी केली, बटाटा केला. तीन आठवडे माझ्या घरात हिरवं पान म्हणून आलं नाही. रोज आठला गोळी मात्र चोख. पाच मिलिग्रॅम.

दंडावर एक निळा डाग उठला. मशीनला धडकले असेन म्हटलं. मग मांडीवर एक. मग एके दिवशी दात घासताना चूळ लाल आली. तरी मी बसले माझी चिडून.

त्या शुक्रवारी दुपारी पोरींना बाही लावायला शिकवत होते. सुई बोटात गेली. वीस वर्षांत हजार वेळा गेली असेल, बोट तोंडात घालायचं आणि पुढं चालायचं. त्या दिवशी बोट काही थांबेना. फडकं बांधलं, तर फडकं भिजलं. मी खाली वाकून दुसरी चिंधी शोधत होते, तोवर नाकातून धार लागली. समोर कुणाच्या तरी लग्नाचा मोतिया रंगाचा ब्लाउज होता, त्याचा सत्यानाश झाला.

पोरी घाबरून गेल्या. गल्लीच्या जवळ गाडी म्हणाल तर एकट्या केरबाचीच. पोरींनी मला न विचारता त्याला फोन लावला.

दहा मिनिटांत टेम्पो दारात. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे, पायात चप्पल नाही. पाणी पाजत होता तसाच उठून आलेला. त्यानं मला पुढच्या सीटवर बसवलं, हातात धुतलेला टॉवेल दिला आणि टेम्पो मिरजेच्या रस्त्याला लावला. मी नाक दाबून खाली मान घालून बसले होते. बाजूला बघितलं तर त्याच्याच डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

"माझंच पाप हाय बाई हे," एवढंच म्हणाला.

मला वाटलं, तीन बुधवार चुकवले त्याबद्दल म्हणतोय. मी नाक धरल्या आवाजात म्हटलं, "असू दे." तरी मनातून जरा बरं वाटलं.

दवाखान्यात नाक आधी थांबलं, मग रिपोर्ट आला. पाच पॉइंट आठ. डॉक्टरांचा चष्मा असा वर गेला की आता केसांत हरवतोय असं वाटलं.

"एक पॉइंट चार होता, तो पाच पॉइंट आठ. बाई, तुमच्या आयुष्यात चाललंय तरी काय?"

माझी झडप वाजायला लागली. टकटक, टकटक.

"म्या सांगतो सायेब," दारातून आवाज आला. केरबा तिथंच उभा होता. चिखलाचे पाय आत कसे आणायचे म्हणून उंबऱ्याच्या बाहेर. "म्या दर बुधवारी बाईंस्नी पालेभाजी द्यायचो. नऊ-धा जुड्या. मग आमच्या मेडिकलवाल्यानं सांगितलं, बाईंच्या गोळीवर पालेभाजी म्हंजे विख. माझ्या तर पायाखालची जमीनच सरली. कांतेला वाचवाय आलं न्हाई, आन हितं म्या जित्या माणसाला हातानं विख घालतोय. तवापास्नं त्यांच्या दारात पाय ठिवला न्हाई. तरीबी झालं त्ये झालंच."

एवढं बोलून त्यानं मान खाली घातली.

"थांबा, थांबा," डॉक्टर म्हणाले. "आठवड्याला नऊ जुड्या? आणि बाई, तुम्ही मला म्हणालात..."

"विकत आणत नाही म्हणाले," मी म्हटलं. "त्या उरलेल्या असायच्या."

"उरलेल्या कुटल्या?" केरबा खालमानेनंच म्हणाला. "बाजारला जायच्या आदी पैल्या तुमच्या बाजूला काढायचो."

डॉक्टर तांबोळी हसायला लागले. हसता हसता चष्मा खाली पडला, तो उचलून त्यांनी पुसला आणि मग केरबाला म्हणाले, "आत या. चिखलाचं मी बघतो. बसा इथं. आता दोघंही नीट ऐका."

केरबा खुर्चीच्या काठावर टेकला.

"ही गोळी रक्त पातळ करते म्हणतात ना लोक, तसं काही पातळबितळ होत नाही. रक्त गोठायला शरीराला काही वस्तू तयार कराव्या लागतात, आणि त्यासाठी के नावाचं एक जीवनसत्त्व लागतं. गोळी त्याच्या कामात अडथळा आणते, म्हणून रक्त जरा उशिरा गोठतं. आणि तेच जीवनसत्त्व पालेभाजीत भरपूर. म्हणजे गोळी एकीकडे ओढते, मेथी दुसरीकडे. कळलं?"

"म्हंजे विखच," केरबा म्हणाला.

"नाही हो. बाई, तुम्ही सांगा. ब्लाउज कशावर बेतता?"

"मापावर."

"मी तुमची गोळी कशावर बेतली? तुमच्या आकड्यावर. म्हणजे नऊ जुड्या खाणाऱ्या बाईच्या मापावर. तीनची चार केली, चारची पाच केली, तेव्हा कुठं अंगाबरोबर बसली. आणि मला न सांगता जुड्या काढून घेतल्यात तुम्ही. गोळी पाचची तशीच, आणि समोर ओढायला कुणीच नाही. मग काय होणार?"

"ढगळ," मी म्हणाले. सगळं एका क्षणात डोळ्यांसमोर आलं. कापड तेच, बेत तोच, आतलं माणूस बदललं.

"बरोबर. देणं ही चूक नव्हती आणि थांबणं हीसुद्धा नव्हती. मला न सांगता दिलंत आणि मला न सांगता थांबलात, तिथं घोटाळा."

"मंग आता पालेभाजी बंद?" केरबानं विचारलं.

"बंद कशाला? चांगली असते. फक्त सारखी हवी. रोज एक वाटी, शिजवलेली. सोमवारी एक, मंगळवारी एक, बुधवारीही एकच. लग्नाकार्यात पंगतीला बसलात तरी एकच. त्या मापावर मी गोळी बेतून देतो."

केरबा पुढं सरकला. "वाटी केवडी, सायेब?"

डॉक्टरांनी टेबलावरच्या जेवणाच्या डब्यातली वाटी उचलून दाखवली.

"दाबून का मोकळी?"

"मोकळी."

"शीग लावायची का सपाट?"

"सपाट," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. पण त्यांच्या मिशीचं टोक हलत होतं. "आणि गोळी एखाद्या दिवशी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. डोकं दुखलं, अंग दुखलं, तर मनानं गोळी घ्यायची नाही, मला फोन करायचा. असं रक्त पुन्हा दिसलं तर लगेच इथं यायचं, चिडून घरी बसायचं नाही."

शेवटचं त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं.

दोन दिवस मला ठेवून घेतलं. गोळी थांबवली, आकडा उतरला, मग कमी मापानं पुन्हा सुरू केली. स्नेहलचा फोन आला. रडली, मग रागावली, मग म्हणाली, "मार्चच्या शेवटच्या रविवारी मी गाडी घेऊन येतेय. बॅग भरून ठेव." मुदत अजून पाच आठवडे होती.

केरबा दोन्ही दिवस बाहेरच्या बाकावर बसून होता. रविवारी त्यानंच मला परत आणलं. अर्धा रस्ता झाल्यावर म्हणाला, "रोज म्हंजे, बुधवार सोडून बी?"

"रोज म्हणजे रोज."

"वाटीभर भाजीसाठनं अक्की जुडी न्हाई लागायची."

"नाही लागायची."

"रोज ताजी खुडून आणाय पायजे."

"हं."

त्यानं गिअर बदलला. "रोज आलो तर गाव बोलंल, बाई."

"रोज आलात आणि रोज परत गेलात, तर बोलेल," मी म्हणाले. माझ्या तोंडून हे कसं निघालं, ते आजही सांगता येत नाही.

केरबानं टेम्पो बाजूला घेतला. इंजिन बंद केलं. दोन्ही बाजूला ऊस, माणूस नाही काणूस नाही. आणि त्या शांततेत, टकटक, टकटक, टकटक.

तो वाकून डॅशबोर्डखाली बघायला लागला. "कायतरी वाजतंय वो."

"टेम्पोचं नाही," मी म्हटलं. "माझं वाजतंय."

तो हळूच सरळ झाला. नीट कान देऊन त्यानं ऐकलं.

"रोज वाजतंय?"

"रोज."

"मंग बरं हाय," तो म्हणाला आणि त्यानं टेम्पो चालू केला. त्यानंतर घर येईपर्यंत मी इतकी खूष होते की रस्त्यातला एकही खड्डा मला लागला नाही.

मार्चच्या शेवटच्या रविवारी स्नेहल गाडी घेऊन आली. मी बॅग भरली नव्हती. तिला फोनवर काही सांगितलंही नव्हतं, धीरच झाला नाही. ती ओसरी चढली तर तिथं केरबा पाटावर बसून माठ निवडत होता, पुढ्यात स्टीलची वाटी.

"हे कोण?" स्नेहलनं विचारलं.

मी तिच्या हातात तीन रिपोर्ट दिले. दोन पॉइंट सहा. दोन पॉइंट तीन. दोन पॉइंट चार. तिनं ते दोनदा वाचले. मग केरबाकडे बघितलं, मग वाटीकडे, मग माझ्याकडे. माझी लेक हुशार आहे. ती समोरच्या खुर्चीवर बसली आणि पर्समधून डायरी काढली.

मी कपाळाला हात लावला. माझ्या लग्नाच्या वेळी मला असंच बसवून विचारलं होतं, स्वयंपाक येतो का, भरतकाम येतं का.

"गोळी किती वाजता?" स्नेहलनं विचारलं.

केरबा हातातली माठाची काडी ठेवून सावरून बसला. "आठला. बातम्या लागल्या की."

"एक दिवस चुकली तर?"

"दुसऱ्या दिशी दोन न्हाईत. एकच."

"तिचं डोकं दुखलं तर?"

"मनानं काय न्हाई. तांबोळी सायबास्नी फोन."

"आकडा किती हवा?"

"दोनाच्या वर, तिनाच्या आत."

"पालेभाजी?"

यावर तो उठला. आत गेला, कढईतली शिजलेली भाजी वाटीत भरली, वरून चमच्यानं सपाट केली आणि ती वाटी आणून स्नेहलसमोर ठेवली. डॉक्टरांच्या वाटीएवढी, ना कमी ना जास्त.

स्नेहलनं वाटीकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी हिला न्यायला आले होते," ती म्हणाली.

"न्या की, ताई," केरबा म्हणाला. "फकस्त ही वाटी संगं न्या. आन ती भरायला म्या बी येतो. वर गच्ची असंल तर चार वाफं काढतो."

स्नेहल रडता रडता हसायला लागली. तिनं डायरी मिटली. "नको. सातव्या मजल्यावर चिखल नको. तुम्ही दोघं इथंच राहा आणि मला तारीख कळवा."

तारीख मे महिन्यातली निघाली. तालुक्याला जाऊन सह्या केल्या, आणि क्लाससमोर मांडव घालून पंगत. ब्लाउज मीच शिवला, काजं-बटणं चौदा पोरींनी मिळून केली. डॉक्टर तांबोळी मिरजेहून आले होते. केरबानं पाटाकडेच्या अळूची भाजी हट्टानं करायला लावली होती, शेंगदाणे-हरभऱ्याची डाळ घालून. माझ्या पानात एक वाटी वाढली होती, ती मी पुसून खाल्ली. अशी अळूची भाजी मी जन्मात खाल्ली नव्हती. वाढपी दुसऱ्यांदा बादली घेऊन आला, आग्रह करायला लागला, आणि लग्नाचा दिवस म्हणून मीही म्हटलं, वाढ थोडी.

तेव्हा उजवीकडून केरबाचा, डावीकडून स्नेहलचा आणि समोरच्या पंगतीतून वाकून डॉक्टर तांबोळींचा, असे तीन हात एकदम माझ्या पानावर आडवे आले.